नाव तुझं, बोटं माझी

नैरोबी, ६ सप्टेंबर

ओसोरो,

फोनवर तू मला बंद करून ठेवलंयस, म्हणून इथे लिहितेय. ही आपली कामाची ईमेल, तुझ्या नावाची, पासवर्ड दोघांकडे. पत्र पाठवणार नाहीये. कच्च्या पत्रांच्या कप्प्यात नुसतं ठेवून देते. कधी उघडलास तर दिसेल, नाही उघडलास तर राहील पडून.

तुझं बरं चाललं असेल असं धरून चालते. माझं तू विचारणार नाहीस, तेव्हा ते राहू दे. आईच्या मातीला तू आला नाहीस, मी फोनवर तोंडाला येईल ते बोलले, आणि तू फोन ठेवलास तो ठेवलासच. "आईची शवपेटी माझ्या बोटांनी विकत घेतली, तुझ्या नाही," असं म्हणाले होते मी. बोलायची वेळ चुकली असेल. पण खोटं काय होतं रे त्यात?

असो. भांडायला बसले नाहीये. भांडायला अंगात त्राण लागतं, तेवढं आता उरलेलं नाही.

काम आहे म्हणून लिहितेय. कंपनीची सूचना आली आहे, तू वाचली नसशीलच. आजवर महिन्यातून एकदा तू कॅमेऱ्यापुढे चेहरा दाखवायचास, की झालं. तुझा कॉम्प्युटर पोर्तोत कपाटात चालू राहायचा आणि मी इथून, काहावा वस्तीतल्या या खोलीतून, त्याच्यावर काम करायचे. कंपनी आता केनियातल्या माणसाला नवं खातं देत नाही, पोर्तुगालमधल्याला देते; तुझं खातं तू इथे होतास तेव्हाचं. म्हणून नाव तुझं, बोटं माझी. पाच वर्षं निभावलं. आता डिसेंबरपासून काम चालू असेपर्यंत चेहरा कॅमेऱ्यासमोर पाहिजे म्हणतात. म्हणजे खेळ खलास. तू गोदामात मासळीच्या पेट्या भरणार की माझ्यासाठी तोंड दाखवत बसणार?

तर मी ठरवलंय. मीच तिकडे येते. स्वतःचं काम कॉम्प्युटरवर करणाऱ्यांसाठी तुमच्याकडे लांब मुदतीचा व्हिसा असतो. तुला कोण सांगतेय म्हणा, तू त्याच्यावरच गेलास! तिथे पोचले की कंपनीत माझ्या नावानं खातं उघडेन, माझा चेहरा, माझी बोटं, संपला विषय. बाकी कागद मी जमवते. एकच कागद मला जमवता येत नाही. हे काम मी करते, याचा पुरावा. पाच वर्षांत कोर्टातली हजारो पानं लिहिली मी, आणि एकाही पानावर माझं नाव नाही. तू लिहून द्यायचंस: या खात्यावरचं काम माझी बहीण केमुंटो करते. बस, एवढंच.

उत्तर खालीच लिही. बाबांच्या साखरेचं औषध चालू आहे. ते ठीक आहेत.

केमुंटो

न्यामिरा, २२ सप्टेंबर

ओसोरो,

तू पत्र उघडलंस. वेळ बदललेली दिसली. उघडलंस आणि काही न लिहिता मिटलंस. चांगलं आहे.

मी गावी आले आहे. रहिवासाचा दाखला गावच्या सरकारी चीफकडूनच लागतो ना, त्याच्यासाठी. मटाटूच्या खच्चून भरलेल्या गाडीत माझ्या मांडीवर कुणाच्या तरी कोंबड्या होत्या, पाठ अजून दुखतेय. चीफ ओंगेरा आता आणखी जाड झालाय. मला बघून खुर्चीतून उठला देखील.

"काय गं केमुंटो, कधी आलीस? भाऊ कसा आहे आमचा?"

"बरा आहे. चीफ, दाखला हवाय. आणि त्यात माझा धंदा काय ते लिहून हवंय."

"धंदा? तुझा? कसला गं?"

"कॉम्प्युटरवरचं काम. परदेशातल्या कोर्टात लोक बोलतात, ते ऐकून मी लिहून काढते."

"ते तर ओसोरो करतो."

"मी करते, चीफ."

"म्हणजे त्याला मदत करतेस."

"नाही. तो काहीच करत नाही. सगळं मी करते."

मग हसला तो. पोट धरून हसला. दारात दोन बायका आपापल्या कामासाठी उभ्या होत्या, त्यांनाही सांगितलं, "ऐकलंत का? ओसोरो काहीच करत नाही म्हणे!" आणि मला म्हणतो, "बाई गं, त्याच्या हरांबेला मी स्वतः बकरा दिलाय. मी काय रिकामटेकड्याला बकरा दिला? भावाचं नाव झालं की बहिणीच्या पोटात दुखतं, हे मला माहीत आहे. माझ्या घरातही बहिणी आहेत." शेवटी लिहिलं काय, तर व्यवसाय: घरकाम, भावाच्या कामात मदत. वर शिक्का मारून शुभेच्छाही दिल्या.

त्याला तरी काय बोलू? तुझ्या हरांबेचा दिवस आठवतो मला. सगळं गाव तुला परदेशी धाडायची वर्गणी घेऊन आलं होतं. केळीच्या झाडांना दोरी बांधून तुझा मोठा फोटो लावला होता, खाली 'आपला कॉम्प्युटर इंजिनिअर'. तू नवा कोट घालून खुर्चीवर, आणि मी बायकांबरोबर चहाची किटली घेऊन फिरत होते. त्याच दिवशी कामाची मुदत होती, आठवतं? चहा वाटून झाला की मी मागच्या खोलीत जाऊन दोन पानं लिहायची, पुन्हा किटली घ्यायची. आईनं मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "तू मोठी आहेस, समजून घे. मुलगा आधी जाऊ दे. तो तुला ओढून घेईल." मी समजून घेतलं. समजून घ्यायची मला सवयच आहे.

बाबांना मी काही सांगितलेलं नाही. मी तिकडे कशाला निघालेय विचारलं, तर म्हणाले, "जा, जा. पोरगा एकटा आहे, दोन घास करून घाल त्याला." मी हो म्हटलं.

कागद पाठव.

केमुंटो

नैरोबी, ११ ऑक्टोबर

ओसोरो,

तुझ्या चार ओळी मिळाल्या. इथे पुन्हा उतरवते, म्हणजे तुलाही वाचायला मिळतील. "ताई, फेब्रुवारीत माझं इथल्या रहिवासाचं कार्ड नवं करायचंय. त्यात मी हेच काम दाखवलंय. तू तेच दाखवलंस तर दोघंही बुडू. एक वर्ष थांब. बाबांना सांगू नकोस."

एक वर्ष थांब! अरे वा. लाज कशी वाटली नाही तुला?

आधी शाळेची फी तुझी भरू दे म्हणून थांबले. मग तू जाईपर्यंत थांबले. मग तुझं बस्तान बसेपर्यंत थांबले. आई आजारी पडली तेव्हा थांबायचं कुणी सांगायलाही लागलं नाही. माझ्यामागून आलेल्या मुली लग्न करून, पोरं मोठी करून, नवरे सोडूनसुद्धा मोकळ्या झाल्या, आणि मी कानाला हेडफोन लावून अमेरिकेतल्या लोकांची भांडणं ऐकतेय. कुणी विचारलं, काय करतेस, तर सांगायला एक वाक्य नाही माझ्याकडे. भावाला मदत करते!

मुकामी रोज येते. ती पलीकडच्या खोलीत राहते, असंच कॉम्प्युटरवरचं काम करते, पण तिला कशाचं काही वाटत नाही. म्हणाली, "वेडी आहेस. नदीकाठच्या गल्लीत एक माणूस आहे, पाहिजे त्या कंपनीचं पत्र छापून देतो. शिक्का, सही, सगळं."

म्हटलं, "खोटं पत्र?"

"मग तुझ्याकडे खरं आहे का?"

मी हेडफोन पुन्हा कानाला लावला. पण नाही गेले मी तिकडे. माझं काम खरं आहे, ओसोरो. खऱ्या कामाला खोटा कागद लावायचा म्हणजे आपणच आपल्या तोंडाला काळं फासायचं. एवढा एक हट्ट राहिलाय माझा, तो तरी राहू दे.

रागावून लिहिलंय, पुसत नाही.

केमुंटो

नैरोबी, ४ नोव्हेंबर

ओसोरो,

आज व्हिसाच्या खिडकीवर जाऊन आले. तुझ्या कागदाशिवायच गेले. तारीख मिळाली होती, ती सोडवेना.

खिडकीतली बाई माझ्याच वयाची. डोळे सुजलेले, समोर गार झालेला चहा. तिनं सगळं चाळलं. पोलिसांचा दाखला आहे, विमा आहे, राहायच्या जागेचा करार आहे. मग तुझ्या नावाची पानं समोर धरली.

"हे काम कुणाचं?"

"माझं."

"नाव तर या माणसाचं आहे."

"तो माझा भाऊ."

"भावाचं काम तुमचं कसं झालं?"

"नाव त्याचं, काम माझं. पैसे त्याच्याकडे येतात, तो त्याचा वाटा ठेवून मला पाठवतो. बँकेत दिसेल तुम्हाला."

"दिसतंय ना. परदेशातला भाऊ बहिणीला पैसे पाठवतो, एवढंच दिसतंय. तसं तर माझाही पाठवतो." मग जरा हळू म्हणाली, "हे बघा, फाईल चांगली आहे. त्यांच्याकडून लिहून आणा की काम तुम्ही करता. आणि त्यांच्या स्वतःच्या कागदांत काही वेगळं असेल तर तेही त्यांना सरळ करावं लागेल. जानेवारीच्या मध्यापर्यंत फाईल उघडी ठेवते."

"कागद येतोय," मी म्हटलं. धडधडीत खोटं बोलले.

उठता उठता मी आणखी एक विचारलं. म्हटलं, समजा एखाद्याचं तिथलं कार्ड स्वतःच्या धंद्यावर आहे, आणि आता तो पगारी नोकरी करतो, तर त्याला कार्ड नवं करता येतं का? ती म्हणाली, "का नाही? मालकाचा करार दाखवायचा, नोकरदार म्हणून अर्ज करायचा. बरेच जण करतात."

ओसोरो, तुझा गोदामाचा मालक तुला कायम करायला तयार आहे. हे तूच आईला सांगितलं होतंस, आईनं मला सांगितलं. म्हणजे दोघांनी बुडायचं काही कारणच नाही. तुझ्या कार्डाला मासे चालतात. तुला चालत नाहीत.

कार्डावर मासळी कामगार लागलं तर गावात कोण बघायला येणार आहे? पण तुला ते दिसतं. हरांबेचा तो फोटो तुझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. कळतं मला. खरंच कळतं. पण तुझ्या त्या फोटोसाठी मी किती वर्षं मागच्या खोलीत बसू?

केमुंटो

नैरोबी, २८ नोव्हेंबर

ओसोरो,

तू काहीच लिहिलं नाहीस. ठीक आहे, कागदाचं आज बोलत नाही.

दुसरं मागते. डिसेंबर तोंडावर आला. काम थांबलं तर बाबांचं औषध थांबेल, आणि फाईलचा निकाल लागेपर्यंत कमाई चालू दिसायला हवी. तुझी पाळी दुपारी संपते. घरी आल्यावर कॅमेऱ्यापुढे बसशील का? काही करायचं नाही. नुसतं बसायचं, स्क्रीनकडे बघायचं. जेव, चहा पी, पण चेहरा चौकटीत राहू दे. मी तेवढ्या वेळात होईल तेवढं काम उरकेन.

माझ्यासाठी नको, बाबांसाठी बस.

नैरोबी, ९ डिसेंबर

ओसोरो,

बसलास. आभार मानते.

पहिल्या दिवशी लोकरीची टोपी घालून बसलास तेव्हा कंपनीनं तीनदा लाल पाटी दाखवली, टोपी काढा म्हणून. तू काढली आणि स्क्रीनच्या कोपऱ्यातल्या चौकटीत मला तुझं कपाळ दिसलं. केस कुठे गेले रे? बाबांसारखं टक्कल पडतंय तुला. मी इथे एकटीच हसले, आणि मग हसू थांबलं. किती वाळलायस. हात टेबलावर ठेवलास तेव्हा बोटांच्या भेगा दिसल्या. चरबी लाव त्यांना, बकऱ्याची मिळत नसेल तर जे मिळेल ते.

दोन दिवस तू भिंतीकडे बघत बसलास, रागातच. तिसऱ्या दिवसापासून स्क्रीनकडे बघायला लागलास. मला कळतं, तुझे डोळे फिरतात. मी लिहीत जाते आणि तुझे डोळे मागे मागे येतात.

काल खाली तू लिहिलं होतंस: "ताई, तो म्हातारा साक्षीदार काय बोलला ते मला एकदाही कळलं नाही. तू तीच दोन वाक्यं किती वेळा मागे नेऊन ऐकलीस. तू लिहिलंस तेव्हा मला कळलं. रोज असंच असतं?"

हो. रोज असंच असतं. म्हाताऱ्याचे दात नव्हते, आणि वकील मध्ये मध्ये खोकत होता. हा तर सोपा दिवस होता.

आणि विचारलंयस, मध्येच काम का थांबलं. वीज गेली होती.

नैरोबी, १० डिसेंबर

खाली तू लिहिलंयस, "वीज गेली असती तर स्क्रीनवरचा बाणही गेला असता. बाण तिथेच उभा होता."

बरं बाबा, पकडलंस. रडत होते. एक बाई आपल्या आईच्या शेवटच्या दिवसाबद्दल सांगत होती. कोण, कुठली, ते सांगायचं नसतं, करारच तसा आहे. तिनं सांगितलं की आई सारखी दाराकडे बघत होती. आपली आईही बघत होती, ओसोरो. मी तुला हे कधी सांगितलं नाही. फोनवर सगळं नको ते बोलले आणि हे मात्र राहिलं. ती तुझी वाट बघत होती, आणि तू विमानाचे पैसे आहेत की नाहीत एवढंही मला सांगितलं नाहीस. वर काय, तर साहेब कामात आहेत! गावाला सांगायला ते बरं होतं. आम्हाला खरं सांगायचं होतंस.

मला तुझा फार राग आहे. आणि तू त्या खोलीत गोधडी पांघरून माझ्यासाठी बसलेला दिसतोस तेव्हा मला तुझी फार माया येते. दोन्ही एकदम होतं, त्यानंच जास्त थकायला होतं.

आज कॅमेऱ्यापुढून लवकर उठ. मी उरलेलं उद्या करेन. तू झोप.

केमुंटो

नैरोबी, १२ जानेवारी

ओसोरो,

कागद आला. मुकामीकडून छापून घेतला, कारण माझं छापायचं यंत्र नेमकं आजच रुसलं. तिनं वाचला आणि पहिल्यांदाच तिच्या तोंडून टोमणा निघाला नाही. "जा, घेऊन जा लवकर," एवढंच म्हणाली.

मला वाटलं होतं, तू दोन ओळी खरडशील. तू तर नोटरीकडे जाऊन लिहून आणलंस. मी मटाटूत बसून पुन्हा पुन्हा वाचला. "मी, ओसोरो न्याकुंडी, पोर्तो येथील मासळीच्या गोदामात पेट्या भरण्याचं काम करतो. माझ्या नावाच्या खात्यावरचं सगळं लेखनाचं काम सुरुवातीपासून माझी थोरली बहीण केमुंटो हिनं केलं आहे. तिला ते करताना मी बसून पाहिलं आहे. मला ते येत नाही."

शेवटचं वाक्य लिहायची गरज नव्हती रे. कुणी मागितलं नव्हतं ते.

सोबत मालकाच्या कराराची प्रतही जोडलीस, आणि तुझा नवा अर्ज नोकरदार म्हणून भरल्याची पावतीही. आधी मालकाकडे गेलास ना? काय म्हणाला तो? खिडकीतल्या बाईंनी तिन्ही कागद नीट लावले, मान डोलावली आणि म्हणाल्या, "भाऊ चांगला आहे तुमचा." मी म्हटलं, "आहे कधी कधी."

आता वाट बघायची.

तुझी ताई

न्यामिरा, १९ मार्च

ओसोरो,

व्हिसा मिळाला, हे तुला फोनवर कळवलंच. फोन उचललास, बरं वाटलं. तू नुसता नाक ओढत होतास. पण बाबांचं फोनवर सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून इथेच लिहितेय.

निरोपाचं जेवण होतं. आपल्यातले आपणच, बाबा, आत्या आणि मी. हरांबे नको म्हणून मीच सांगितलं. आत्यानं कोंबडी केली, मक्याच्या पिठाची उगाली केली. बाबांनी हात धुतले आणि म्हणाले, "तिकडे गेलीस की ओसोरोला सांग, छपराचे पत्रे चांगले निघाले. पावसाचा थेंब आत येत नाही. त्याच्या बोटांना देव बळ देवो."

मी हातातला घास ताटात ठेवला. पाच वर्षं ऐकलं, आणखी एकदा ऐकलं असतं तर काही बिघडलं नसतं. पण परक्या देशाच्या खिडकीवर खरं सांगितलं आणि बाबांना खोटं सांगून निघायचं, हे मला जमेना. तुला विचारलं नाही. पिशवीतून तुझा कागद काढला आणि आपल्या बोलीत वाचून दाखवला.

 आत्याच्या हातातला वाडगा हातातच राहिला. बाबा म्हणाले, "परत वाच."

परत वाचला.

"मासळीत?" म्हणाले. "म्हणजे दिवसभर बर्फात हात?"

"हो."

"हातमोजे देतात का त्याला?"

"देतात, बाबा. पण भेगा पडतात."

"त्यानं सांगायचं ना. मी काय रागावलो असतो? माझ्या बापानं दुसऱ्याच्या मळ्यात चहाची पानं खुडली जन्मभर." मग बराच वेळ उगालीचा गोळा नुसता हातात वळत बसले. मला वाटलं, आता तुझ्यासाठी रडतील. पण माझ्याकडे बघून म्हणाले, "मग पत्रे?"

"मी."

"माझं औषध?"

"मी, बाबा."

"तुझ्या आईची पेटी?"

 उत्तराची वाट न बघता त्यांनीच मान हलवली.

मग त्यांनी आपल्या ताटातला पेटा उचलला, तो कलेजीला लागून असलेला कडक गोळा. तुला माहीतच आहे, तो घरच्या कर्त्या पुरुषाचा. आईनं इतक्या कोंबड्या रांधल्या, पण जन्मात कधी तो चाखला नाही. तू सुट्टीला आलास की बाबा अर्धा तोडून तुला द्यायचे आणि तू माझ्याकडे बघत बघत चावायचास, मेल्या. बाबांनी तो अख्खा माझ्या ताटात ठेवला.

आत्या ओरडलीच. "अरे दादा! बाईमाणसाला? लोक काय म्हणतील?"

"घर कुणी चालवलं?" बाबा म्हणाले. "ज्यानं चालवलं त्याचा असतो तो." आणि माझ्याकडे न बघता, "खा."

मी खाल्ला, ओसोरो. डोळ्यांतून पाणी येत होतं, आत्या डोक्याला हात लावून बसली होती, आणि बाबा मी गिळेपर्यंत थांबून राहिले. आता खरं सांगू का तुला? चिवट असतो रे. चावून चावून जबडा दुखला. एवढ्यासाठी तुम्ही पुरुषांनी इतकी वर्षं आम्हाला ताटावरून उठवलंत?

ताई